विभव शून्य असताना क्षेत्र का असते? बिंदू प्रभारांभोवतीचा विभव आणि विद्युत क्षेत्र

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन समान धन प्रभारांच्या बरोबर मध्यावर विद्युत क्षेत्र (एकक धन प्रभारावर पडणारे बल) शून्य येते, पण विभव (एकक धन प्रभार अनंतापासून तेथे आणण्यासाठी लागणारे कार्य) शून्य येत नाही. त्यांपैकी एक प्रभार ऋण केला, की त्याच मध्यबिंदूवर विभव शून्य होतो आणि क्षेत्र मात्र चांगलेच मोठे निघते. दोन्ही राशी त्याच प्रभारांमुळे निर्माण होत असताना एक शून्य आणि दुसरी नाही, हे कसे? आणि तसे असेल, तर या दोन राशींचा परस्परांशी संबंध नेमका कोणता?

उत्तर आधी सांगतो आणि मग आकडे घेऊन तपासतो. एखाद्या बिंदूपाशी विभव किती आहे, एवढ्यावरून त्या बिंदूपाशी क्षेत्र किती आहे हे कधीच ठरवता येत नाही. क्षेत्र ठरते ते विभव त्या बिंदूच्या आसपास कोणत्या दिशेने आणि किती झपाट्याने बदलतो यावरून. ज्या दिशेने विभव सर्वांत वेगाने कमी होतो ती क्षेत्राची दिशा, आणि त्या दिशेने एक मीटरमागे जितके व्होल्ट कमी होतात ते क्षेत्राचे परिमाण. न्यूटन प्रति कूलोम आणि व्होल्ट प्रति मीटर ही एकाच राशीची दोन एकके आहेत, ती यामुळेच. डोंगरावरील एखाद्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची कळली म्हणून तेथील उतार कळत नाही. सपाट पठार उंचावर असू शकते आणि तीव्र कडा शून्य उंचीवरून जाऊ शकतो. विभव ही उंची, क्षेत्र हा उतार. ही उपमा येथेच सोडून देऊ, कारण ऋण प्रभाराला ती लावू लागलो की तो चढावर आपोआप धावतो असे म्हणावे लागते.

प्रथम एकच बिंदू प्रभार घेऊ. कूलोमने १७८५ मध्ये पीळ-तराजूच्या साहाय्याने प्रस्थापित केलेल्या नियमानुसार, बिंदू प्रभारामुळे निर्माण होणारे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि अनंत अंतरावर विभव शून्य मानला तर विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोन्हींतील स्थिरांक एकच आहे: एसआय एककांत सुमारे ८.९९ अब्ज, म्हणजे हिशेबासाठी ९ अब्ज. प्रभार १ नॅनोकूलोम, म्हणजे कूलोमचा अब्जावा भाग घेतला, तर ‘अब्ज’ आणि ‘अब्जावा भाग’ एकमेकांना छेदतात आणि हिशेब तोंडी करता येतो: विभव म्हणजे ९ भागिले अंतर, क्षेत्र म्हणजे ९ भागिले अंतराचा वर्ग, अंतर मीटरमध्ये. अशा धन प्रभारापासून १० सेंटीमीटरवर विभव ९० व्होल्ट आणि क्षेत्र ९०० व्होल्ट प्रति मीटर. २० सेंटीमीटरवर विभव निम्मा म्हणजे ४५ व्होल्ट, परंतु क्षेत्र चौथा हिस्सा म्हणजे २२५ व्होल्ट प्रति मीटर.

क्षेत्र हा विभवाचा उतार आहे, हे याच आकड्यांवरून पडताळता येते. प्रभारापासून ९.९ सेंटीमीटरवर विभव ९०.९१ व्होल्ट आणि १०.१ सेंटीमीटरवर ८९.११ व्होल्ट येतो. दोन मिलीमीटरमध्ये १.८० व्होल्टची घट, म्हणजे मीटरमागे ९०० व्होल्ट. विकलन न करताही उत्तर जुळले. मी शिकवताना हा हिशेब विद्यार्थ्यांकडून हमखास करून घेतो, कारण सूत्राची सिद्धता पाहून जे पटत नाही ते वजाबाकीतून पटते.

येथेच एका सापळ्याविषयी सावध करतो. एका बिंदू प्रभारासाठी क्षेत्राला अंतराने गुणले की बरोबर विभव मिळतो: ९०० गुणिले ०.१ म्हणजे ९०. त्यामुळे ‘विभव म्हणजे क्षेत्र गुणिले अंतर’ असे एक सूत्र अनेकांच्या डोक्यात घर करून बसते, आणि समांतर पट्ट्यांच्या संधारित्रात वापरले जाणारे तसेच दिसणारे सूत्र त्याला पुष्टी देते. प्रत्यक्षात ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पट्ट्यांमधील क्षेत्र सर्वत्र सारखे असते, म्हणून तेथे दोन बिंदूंमधील विभवांतर हे क्षेत्र आणि त्या बिंदूंमधील अंतर यांच्या गुणाकाराइतके येते. बिंदू प्रभाराच्या बाबतीत क्षेत्र जागोजागी बदलते. गुणाकार जुळतो तो केवळ व्यस्त वर्गाच्या नियमाचे अनंतापर्यंत संकलन केले असता एक घात कमी होतो म्हणून, आणि तोही अनंतावर शून्य धरले तरच. दुसरा प्रभार आणून ठेवला की हे सूत्र कोलमडते. आपल्या मूळ शंकेचे मूळही बहुधा याच सूत्रात असावे, कारण ते खरे असते तर क्षेत्र शून्य तेथे विभव शून्य असलाच पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक होते.

विभव नावाची राशी मुळात मांडता येते कशी, हेही पाहू. प्रभारापासून निघणारे क्षेत्र त्रिज्येच्या दिशेने असते. चाचणी-प्रभार (क्षेत्र तपासण्यासाठी कल्पिलेला लहान धन प्रभार) कोणत्याही वाकड्यातिकड्या वाटेने एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेला, तरी त्या वाटेचे आपण अगदी लहान तुकडे करू शकतो: काही त्रिज्येच्या दिशेने, काही तिला काटकोनात. काटकोनातील तुकड्यांवर कार्य शून्य, आणि त्रिज्येच्या दिशेतील तुकड्यांची बेरीज फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या अंतरावर अवलंबून. म्हणून कार्य वाटेवर अवलंबून राहत नाही आणि प्रत्येक बिंदूला एक संख्या देता येते. यात व्यस्त वर्गाची गरज पडली नाही; बल केंद्राच्या दिशेने आणि केवळ अंतरावर अवलंबून असणे पुरेसे होते. अनेक प्रभार असतील तर प्रत्येकासाठी हेच लागू पडते, आणि सर्वांचे विभव चिन्हासहित साध्या संख्यांप्रमाणे मिळवता येतात.

क्षेत्रांची बेरीज मात्र दिशा लक्षात घेऊन करावी लागते, आणि आपल्या उदाहरणातला सगळा फरक येथूनच उद्भवतो. प्रत्येकी १ नॅनोकूलोमचे दोन धन प्रभार एकमेकांपासून २० सेंटीमीटरवर ठेवा. मध्यबिंदूवर प्रत्येकाचा विभव ९० व्होल्ट, एकूण १८० व्होल्ट. प्रत्येकाचे क्षेत्र ९०० व्होल्ट प्रति मीटर, पण दिशा परस्परविरुद्ध, म्हणून बेरीज शून्य. आता उताराच्या अंगाने पाहा. दोन्ही प्रभारांना जोडणाऱ्या रेषेवर मध्यापासून एक मिलीमीटर डावीकडे विभव १८०.०१८ व्होल्ट आणि एक मिलीमीटर उजवीकडेही तितकाच. विभव मोठा आहे, पण त्या ठिकाणी तो कोणत्याही एका बाजूला झुकलेला नाही. चाचणी-प्रभार तेथे नेण्यासाठी अनंतापासून कार्य करावे लागले, ते १८० व्होल्टमध्ये नोंदले गेले. पण तेथे पोहोचल्यावर त्याला कोणीही कोणत्याही दिशेने ढकलत नाही. या दोन विधानांत विसंगती नाही: पहिले संपूर्ण प्रवासाविषयी आहे, दुसरे त्या एका जागेविषयी.

याच मांडणीत मध्यबिंदूतून जोडरेषेला लंब दिशेने बाहेर जात राहिलो तर आणखी एक गोष्ट दिसते. विभव १८० व्होल्टपासून सतत कमी होत जातो, परंतु क्षेत्र शून्यापासून आधी वाढते, मध्यापासून सुमारे ७.१ सेंटीमीटरवर (दोन प्रभारांतील अर्ध्या अंतराला दोनच्या वर्गमुळाने भागल्यास हे अंतर मिळते) ६९३ व्होल्ट प्रति मीटर इतके कमाल होते, आणि मग पुन्हा घटते. कमाल क्षेत्राच्या ठिकाणी विभव सुमारे १४७ व्होल्ट असतो. म्हणजे या संपूर्ण रेषेवर विभव सर्वांत जास्त जेथे आहे, तेथेच क्षेत्र शून्य आहे.

आता उजवीकडचा प्रभार ऋण करा. मध्यावर विभव ९० वजा ९०, म्हणजे शून्य. क्षेत्रे मात्र आता एकाच दिशेला, धनाकडून ऋणाकडे, म्हणून एकूण १८०० व्होल्ट प्रति मीटर. एक मिलीमीटर डावीकडे विभव अधिक १.८ व्होल्ट, एक मिलीमीटर उजवीकडे उणे १.८ व्होल्ट, दोन मिलीमीटरमध्ये ३.६ व्होल्टची घट. शून्य हा या उतारावरचा फक्त एक टप्पा आहे. आपण शून्याची जागा अनंतावर न मानता दुसरीकडे मानली असती, तर याच बिंदूचा विभव ५०० व्होल्टही म्हणता आला असता, आणि क्षेत्रात काडीचाही फरक पडला नसता.

येथे विद्यार्थी हमखास एक चांगली शंका काढतात. दोन प्रभारांच्या मध्यातून जाणाऱ्या लंब प्रतलावर प्रत्येक बिंदू दोघांपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे संपूर्ण प्रतलावर विभव शून्य आहे. मग त्या प्रतलावर विभव बदलतच नाही, तर उतार शून्य, तर क्षेत्रही शून्य असायला नको का? उत्तर असे की प्रतलावर फिरून फक्त प्रतलातील दिशांचा उतार कळतो, आणि तो खरोखरच शून्य आहे: क्षेत्राला त्या प्रतलात घटकच नाही. क्षेत्र प्रतलाला लंब आहे आणि ते मोजण्यासाठी प्रतल ओलांडावे लागते. एका रेषेवर विभव ठाऊक असेल तर त्या रेषेच्या दिशेतील क्षेत्राचा घटक मिळतो, त्यापलीकडे काही नाही. समविभव पृष्ठभागाला, म्हणजे ज्यावर विभव सर्वत्र सारखा असतो त्या पृष्ठभागाला, क्षेत्र नेहमी लंब असते, या विधानाचा अर्थ हाच.

सममित उदाहरणांत बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात, म्हणून एक असमान जोडी घेऊ. डावीकडे अधिक ४ नॅनोकूलोम, त्याच्या उजवीकडे ३० सेंटीमीटरवर उणे १ नॅनोकूलोम. क्षेत्र शून्य कोठे? सूत्रात घाईने आकडे घालण्याआधी रेषेचे तीन भाग पाडावेत. दोन प्रभारांच्या मध्ये दोन्ही क्षेत्रे उजवीकडेच असतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. मोठ्या प्रभाराच्या डावीकडे दिशा विरुद्ध आहेत, पण तेथे मोठा प्रभारच जवळ असल्याने तो कायम वरचढ ठरतो. उरला तिसरा भाग, लहान प्रभाराच्या उजवीकडचा. तेथे ४ भागिले मोठ्या अंतराचा वर्ग हे १ भागिले लहान अंतराच्या वर्गाइतके हवे, म्हणजे मोठे अंतर लहान अंतराच्या दुप्पट. त्यामुळे बिंदू मोठ्या प्रभारापासून ६० आणि लहानापासून ३० सेंटीमीटरवर येतो. हा विचार न करता थेट वर्गसमीकरण सोडवले तर आणखी एक मूळ मिळते, मोठ्या प्रभारापासून २० सेंटीमीटरवर. तेथे दोन्ही क्षेत्रांची परिमाणे सारखी, प्रत्येकी ९००, हे खरे आहे. पण दिशाही सारखी असल्याने बेरीज १८०० होते. समीकरणाला दिशा कळत नाही, ती आपण सांभाळायची असते.

क्षेत्र शून्य असलेल्या त्या खऱ्या बिंदूवर विभव ६० वजा ३०, म्हणजे ३० व्होल्ट. आणि विभव शून्य कोठे आहे? या रेषेवर दोन ठिकाणी: मोठ्या प्रभारापासून २४ सेंटीमीटरवर, म्हणजे दोघांच्या मध्ये, आणि ४० सेंटीमीटरवर, म्हणजे लहान प्रभाराच्या पलीकडे. पहिल्या ठिकाणी क्षेत्र ३१२५ व्होल्ट प्रति मीटर, उजवीकडे; दुसऱ्या ठिकाणी ६७५ व्होल्ट प्रति मीटर, डावीकडे. विभव दोन्हीकडे तोच, शून्य, पण क्षेत्राचे परिमाणही निराळे आणि दिशाही उलट. विभवाच्या किमतीवरून क्षेत्र सांगता येत नाही याला यापेक्षा स्पष्ट पुरावा लागू नये.

हे दोन बिंदू एकाच पृष्ठभागावर आहेत आणि तो पृष्ठभाग अचूक गोल आहे. त्याचे केंद्र लहान प्रभाराच्या २ सेंटीमीटर उजवीकडे आणि त्रिज्या ८ सेंटीमीटर. दोन असमान आणि विरुद्ध चिन्हांच्या बिंदू प्रभारांमध्ये शून्य विभवाचा पृष्ठभाग नेहमीच गोल असतो. बाकीचे समविभव पृष्ठभाग तसे नसतात. त्यामुळे या जागी ८ सेंटीमीटर त्रिज्येचा अर्थिंग केलेला धातूचा गोळा ठेवून आतला ऋण प्रभार काढून टाकला, तरी बाहेरच्या विभवात काहीही बदल होत नाही. गोळ्यावर अधिक ४ नॅनोकूलोममुळे जो प्रभार ओढला जातो तो बरोबर उणे १ नॅनोकूलोम असतो. प्रतिमा-प्रभारांची पद्धत या नावाने जी गोष्ट पुढे शिकवली जाते ती एवढीच आहे.

त्याच रेषेवर लहान प्रभाराच्या उजवीकडे विभवाचा आलेख काढून पाहावा, अशी माझी शिफारस आहे. प्रभाराला चिकटून तो ऋण दिशेने अमर्याद खाली असतो, १० सेंटीमीटरवर शून्य ओलांडतो, ३० सेंटीमीटरवर ३० व्होल्टचे शिखर गाठतो आणि तेथून पुन्हा हळूहळू शून्याकडे उतरतो. फार दूर गेल्यावर तो एकाच अधिक ३ नॅनोकूलोम प्रभाराच्या विभवासारखा दिसू लागतो. क्षेत्र शून्य होण्याची जागा आणि आलेखाच्या शिखराची जागा एकच आहे, आणि त्या शिखराच्या डावीकडे क्षेत्र डावीकडे तर उजवीकडे क्षेत्र उजवीकडे का असते, हेही आलेखाकडे नुसते पाहून कळते.

मात्र हे शिखर केवळ त्या रेषेपुरते आहे. रेषेला लंब दिशेने सरकले तर विभव त्या बिंदूपासून वाढतो. दोन समान धन प्रभारांच्या मध्यावर याच्या उलट घडते: जोडरेषेवर तो बिंदू नीचतम, लंब दिशांत उच्चतम. प्रभार नसलेल्या जागी विभव सर्व दिशांनी उच्चतम किंवा सर्व दिशांनी नीचतम असूच शकत नाही. तसा असता तर त्या बिंदूभोवतीच्या छोट्या गोलावर क्षेत्र सर्वत्र बाहेर किंवा सर्वत्र आत वळलेले असते, आणि गाउसच्या नियमानुसार (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारे एकूण क्षेत्र आतल्या प्रभारावरून ठरते) आत प्रभार असावा लागला असता. सॅम्युएल अर्नशॉ यांच्या १८४२ मधील प्रमेयाचा हा गाभा आहे, आणि त्याचा व्यावहारिक अर्थ असा की केवळ स्थिर प्रभारांच्या साहाय्याने एखादा आयन (प्रभारित अणू) रिकाम्या जागेत अडकवून ठेवता येत नाही. वोल्फगांग पॉल यांनी काळानुसार बदलणारी क्षेत्रे वापरून या अडचणीतून वाट काढली आणि त्या आयन-सापळ्यासाठी त्यांना १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

चिन्हांविषयी थोडेसे. विभव काढताना प्रभाराचे चिन्ह सूत्रात घालावे आणि सरळ बेरीज करावी. क्षेत्र काढताना सूत्रात फक्त परिमाण घालावे आणि धन चाचणी-प्रभार कोणीकडे ढकलला जाईल हे पाहून दिशा ठरवावी. दोन्ही ठिकाणी चिन्ह वापरले की दिशा दोनदा उलटते. ऋण प्रभारावरील बल क्षेत्राच्या विरुद्ध असते, म्हणून इलेक्ट्रॉन जास्त विभवाकडे ओढला जातो आणि तरीही त्याची स्थितिज ऊर्जा कमी होते, कारण ऊर्जा म्हणजे विभव गुणिले प्रभार आणि तो प्रभार ऋण आहे. ज्या प्रभाराची ऊर्जा काढायची त्याचा स्वतःचा विभव मात्र बेरजेत घ्यायचा नसतो.

विभव लहान असून क्षेत्र प्रचंड असू शकते, याचे उत्तम उदाहरण हायड्रोजनच्या अणूत मिळते. प्रोटॉनपासून ०.०५२९ नॅनोमीटरवर, म्हणजे बोर त्रिज्येवर (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वाधिक असलेल्या अंतरावर), विभव सुमारे २७.२ व्होल्ट असतो. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकसर जोडल्या तर जवळजवळ तितकाच मिळेल. पण त्याच ठिकाणी क्षेत्र सुमारे ५१ हजार कोटी व्होल्ट प्रति मीटर असते. सामान्य दाबाच्या हवेत ठिणगी पडण्यासाठी साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर पुरतात, त्याच्या हे दीड लाख पटींहून अधिक आहे. २७ व्होल्टची घट अणूइतक्या अंतरात होते, एवढेच याचे कारण. इलेक्ट्रॉनची स्थितिज ऊर्जा तेथे उणे २७.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, गतिज ऊर्जा १३.६, आणि बेरीज उणे १३.६, म्हणजे आयनीभवनासाठी लागणारी परिचित संख्या.

आपण हे प्रयोगशाळेत पडताळून पाहणार असाल, तर शेवटी एक सूचना. वाहक कागदावर किंवा पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये दोन टोके लावून व्होल्टमीटरने समविभव रेषा काढण्याचा प्रयोग सर्वत्र केला जातो, आणि त्या रेषांना दोन बिंदू प्रभारांच्या समविभव रेषा म्हणण्याची पद्धत आहे. ते बरोबर नाही. कागदात विद्युत धारा फक्त दोन मितींत पसरते, त्यामुळे एका टोकाभोवतीचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, वर्गाच्या नव्हे, आणि विभव अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे बदलतो. ही परिस्थिती बिंदू प्रभारांची नसून लांबच लांब प्रभारित तारांची आहे. समविभव रेषा क्षेत्राला लंब असतात, उताराची दिशा आणि परिमाण असे काढावे, हे सगळे त्या कागदावर शिकता येते. मध्यरेषेवर विभव दोन्ही टोकांच्या विभवांच्या सरासरीइतका असूनही ती ओलांडताना क्षेत्र मोठे आढळते, हेही दिसते. पण विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात आहे हे मात्र तेथे सिद्ध होणार नाही. एका टोकाच्या जवळच्या बिंदूंसाठी व्होल्टमीटरचे वाचन अंतराच्या लॉगरिदमसमोर मांडावे. सरळ रेषा आली, तर मोजमापे ठीक आहेत असे समजावे.